गडगडाटी ढगाला वळसा कसा घालायचा

एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन-चारच्या सुमारास मुंबईहून नागपूरला निघालं, की घाट ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग वर चढताना दिसतात. जमिनीवरून ज्याला आपण वळीव म्हणतो, त्याचीच ही वरची बाजू. कॉकपिटमध्ये त्याला ‘सीबी’ म्हणतात. क्युम्युलोनिंबसचं ते लघुरूप. आपल्याकडे त्याचा माथा ५०,००० फुटांच्याही वर जातो. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ या प्रवासी विमानांची मजल ३९,००० ते ४१,००० फुटांपर्यंतच. म्हणजे वरून जायचा रस्ता बहुधा बंद असतो, आणि ढगाच्या पोटाखालून जाणं म्हणजे गारा आणि कोसळत्या वाऱ्यापुढे मान देणं. उरतो तो वळसा.

बारामती, गोंदिया, धुळे इथे उड्डाण शिकणाऱ्यांना आणि खिडकीशी बसून हे सगळं पाहणाऱ्यांनाही उपयोगी पडावं म्हणून हे लिहीत आहोत. मैल म्हणजे इथे सगळीकडे नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटरचा. विमानाच्या प्रकारानुसार आकडे थोडे बदलतात. तिथे आपल्या कंपनीच्या पुस्तिकेचंच ऐकायचं.

ढगाच्या पोटात काय असतं

जोरकस ढगात वर चढणारा वारा सेकंदाला ३० मीटरपर्यंत जातो, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ६,००० फूट. भरलेलं विमान उंचावर स्वतःच्या ताकदीने मिनिटाला हजार-दोन हजार फूट चढतं. आणि या चढत्या वाऱ्याला खेटूनच खाली कोसळणारा वारा असतो. सगळ्यात वाईट तडाखा बसतो तो या दोघांच्या सीमेवर, कारण विमान ती सीमा सेकंदाभरात कापतं आणि पंखांवरचा भार तेवढ्यात उलटतो.

दुसरी गोष्ट गारांची. लिंबाएवढी, ४ सेंटिमीटरची गार साधारण ३० ग्रॅमची भरते. विमान सेकंदाला २३० मीटर वेगाने तिच्यावर आदळतं तेव्हा सुमारे ८०० ज्यूल ऊर्जा सुटते. ताशी १५० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत १४० ज्यूलही नसतात. विमानाचं नाक, म्हणजे रेडोम, धातूचं नसतं. धातू रेडारची किरणं अडवतो म्हणून ते काचतंतूंच्या थरांचं बनवतात. गारा पहिल्यांदा ते फोडतात, आणि ज्या क्षणी रेडारची सर्वांत जास्त गरज असते त्याच क्षणी रेडार आंधळं होतं. शिवाय गारा ढगाच्या आतच राहतील असं मुळीच नाही. माथ्यावरची ऐरण, म्हणजे ढगाचा ऐरणीसारखा सपाट पसरलेला भाग, वाऱ्याच्या दिशेने लांब पसरते आणि तिच्याखालच्या निरभ्र दिसणाऱ्या हवेतही गारा फेकल्या जातात.

इंजिनाची गोष्ट कमी लोकांना माहीत असते. २४ मे १९८८ रोजी न्यू ऑर्लिन्सजवळ टाका विमान कंपनीचं ७३७ पाऊस-गारांतून उतरत असताना दोन्ही इंजिनं विझली. पायलटनी ते पूररोधक बांधाशेजारच्या गवतावर उतरवलं आणि सगळे वाचले. उतरताना इंजिन आयडलवर, म्हणजे कमीत कमी पॉवरवर, असतं, आत ज्वाला लहान असते, आणि त्याच वेळी पाण्याचा लोंढा आत शिरतो. म्हणून जोराच्या पावसात आयडलवर न राहता थोडी पॉवर ठेवायची. या प्रसंगानंतर त्या इंजिनाच्या पुढच्या शंकूचा आकार बदलला आणि पाणी बाहेर काढणाऱ्या झडपा वाढवल्या.

निघण्याआधी

वळसा जमिनीवरच सुरू होतो. मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) आणि टॅफ (तिथला अंदाज) यांमध्ये टीएस, टीएसआरए, जीआर, सीबी, टीसीयू ही अक्षरं शोधा. टीएस म्हणजे गडगडाटी वादळ, टीएसआरए म्हणजे पावसासह वादळ, जीआर म्हणजे गारा, टीसीयू म्हणजे अजून सीबी न झालेला पण झपाट्याने वाढणारा ढग. व्हीसीटीएस दिसलं तर वादळ विमानतळावर नाही पण आसपास, साधारण ८ ते १६ किलोमीटरच्या पट्ट्यात आहे. त्याला इथे यायला दहा मिनिटं पुरतात. ‘फ्यू ०३० सीबी’ (३,००० फुटांवर थोडे सीबी) पाहून थोडेच ढग आहेत असं समजू नका. एकच ढग असला तरी तो उतरण्याच्या वाटेवर असू शकतो.

सिगमेटमध्ये, म्हणजे धोकादायक हवामानाच्या इशाऱ्यात, ‘एम्बेडेड’ हा शब्द आला की कान टवकारा. भारतात मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई इथली हवामान कार्यालयं सिगमेट काढतात. एम्बेडेड म्हणजे सीबी थरांच्या ढगात लपलेला. वळवाचा ढग निदान नजरेला दिसतो. जून ते सप्टेंबरमधला हा लपलेला ढग दिसत नाही, रेडारवरच ओळखावा लागतो. ‘फ्रीक्वेंट’ म्हणजे त्या पट्ट्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग वादळांनी व्यापलेला; तिथे फटी शोधत बसू नका, पट्टाच टाळा. ‘स्क्वॉल लाइन’ म्हणजे वादळांची रांग. तिला टोकाकडून वळसा घाला.

इंधनाचा हिशोब असा धरा. ए३२० तासाला साधारण २,४०० ते २,५०० किलो जाळतं. वीस मिनिटं घिरट्या घालायला ८०० किलोच्या पुढे लागतं. मुंबईवर संध्याकाळी वादळ बसलं की सगळेच अहमदाबाद, गोवा, हैदराबादकडे वळतात. पार्किंगच्या जागा भरतात. पर्यायी विमानतळ निवडताना तो त्याच वादळी पट्ट्याखाली तर नाही ना आणि तिथे किती जण वळतील, या दोन्ही गोष्टी पाहा. इंधन कमी असलेला पायलट ढगाकडे जरा जास्तच आशेने पाहतो. ती वेळ स्वतःवर येऊ देऊ नका.

रेडार वाचायचं कसं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

विमानातलं रेडार सुमारे ९.३ गिगाहर्ट्झवर, म्हणजे तीन सेंटिमीटरच्या आसपासच्या लहरींवर चालतं. त्याला पाण्याचे थेंब दिसतात. ओली गार लख्ख दिसते. कोरडी गार आणि बर्फाचे स्फटिक जेमतेम. आणि कोरडी हवा कितीही खवळलेली असली तरी दिसत नाही. पडद्यावरचे हिरवा, पिवळा, लाल हे रंग पाण्याचं माप सांगतात, धोक्याचं नाही. किरमिजी रंग बहुतेक रेडारवर टर्ब्युलन्सचा, पण तो साधारण ४० मैलांच्या आतच कळतो आणि तिथे थेंब असतील तरच.

आता ३६,००० फुटांवर असताना काय होतं ते पाहा. उन्हाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी १६,००० ते १८,००० फुटांवर असते. ढगातलं पाणी मुख्यतः तिच्या खाली किंवा थोडं वर. तुमच्या पातळीवर निव्वळ बर्फ. रेडार सरळ समोर रोखलंत तर ढगाचा कोरडा माथा हिरवा किंवा काळा दिसेल आणि वाट मोकळी वाटेल. म्हणून टिल्ट, म्हणजे रेडारच्या झोताचा वर-खाली कोन, खाली घ्या.

समतल उड्डाणात टिल्ट हळूहळू खाली आणत जा, पडद्याच्या वरच्या कडेला जमिनीचे ठिपके उमटेपर्यंत. मग ढगावर थांबून टिल्ट अर्ध्या-अर्ध्या अंशाने वर-खाली करा आणि त्याचा सर्वांत तेजस्वी भाग किती उंचीवर आहे ते शोधा. माथा काढायचं गणित सोपं आहे: अंतराचे मैल गुणिले टिल्टचे अंश गुणिले १००, उत्तर फुटांत. तुम्ही ३६,००० वर, ढग ६० मैलांवर, आणि टिल्ट उणे १ अंशाला ढग पडद्यावरून पुसला गेला, तर रेडारला दिसणारा माथा तुमच्या ६,००० फूट खाली, म्हणजे ३०,००० फुटांवर. खरा माथा त्याच्या बराच वर असतो, कारण बर्फाचा भाग रेडारने मोजलेलाच नाही. रेडारचा झोत बॅटरीसारखा फाकतो हेही लक्षात ठेवा: साडेतीन अंशांचा झोत ८० मैलांवर २८,००० फूट जाड होतो. लांबचं गणित ढोबळच समजायचं.

दोघांनी एकाच अंतरावर पाहू नका. विमान चालवणाऱ्याने ८० मैलांच्या रेंजवर राहावं, दुसऱ्याने १६० वर. जवळची फट लांबच्या पडद्यावर बंद गल्ली निघते, हे एकाला तरी दिसलं पाहिजे. टिल्ट आपोआप सांभाळणारी नवी रेडार बरीच मेहनत वाचवतात, पण पुढे सांगितलेली फसगत त्यांच्यावरही होते.

ती फसगत अशी. जोरदार पाऊस रेडारची लहर शोषून घेतो. समोरचा लाल पट्टा ओलांडून लहर पलीकडे पोचतच नाही, परत काहीच येत नाही, आणि पडदा तिथे काळा दिसतो. ज्याच्या मागे सर्वांत भयंकर वादळ आहे तीच जागा मोकळी दिसते. ४ एप्रिल १९७७ रोजी अमेरिकेत जॉर्जियावर सदर्न एअरवेजचं डीसी-९ असंच वादळाच्या गाभ्यात शिरलं, पाऊस-गारांनी दोन्ही इंजिनं गेली आणि न्यू होप गावाजवळ रस्त्यावर उतरताना ७२ जणांचा जीव गेला. त्यातले ९ जमिनीवरचे होते. पंचवीस वर्षांनी, १६ जानेवारी २००२ ला जावा बेटावर इंडोनेशियाच्या गरुडा विमान कंपनीचं ७३७ दोन वादळांमधल्या अशाच फटीकडे गेलं, गारांत दोन्ही इंजिनं विझली आणि ते बेंगावान सोलो नदीत उतरवावं लागलं. ओळखायची खूण ही: लाल डागाची पलीकडची कड जर पोकळ, आत वळलेली आणि मागे काळीभोर असेल, आणि टिल्ट खाली केल्यावरही तिथे जमिनीचे ठिपके उमटत नसतील, तर ती फट नाही, सावली आहे. रेडारच्या सावलीत कधीही जायचं नाही.

आकारही बोलतात. आकडी, बोटासारखा सुळका, इंग्रजी यू, कातरलेल्या कडा या गारांच्या खुणा. हिरव्यातून लाल रंग अगदी पातळ पट्टीत येत असेल तर आतला वारा फार जोराचा आहे. आणि दर मिनिटाला आकार बदलणारा लहान ढग स्थिर मोठ्या ढगाहून जास्त भीतीदायक, कारण तो अजून वर येतो आहे.

वळसा किती आणि कधी

ढगाच्या कडेपासून बाजूने २० मैल. हा आकडा पाठच करा. वरून जायचंच असेल तर माथ्यापासून किमान ५,००० फूट, आणि माथ्याजवळचा वारा जोराचा असेल तर दर १० नॉट्समागे १,००० फूट (नॉट म्हणजे तासाला एक मैल). ऐरणीखालून नाही. ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूने जा. ऐरण ज्या दिशेला पसरली आहे ती बाजू सोडा, कारण गारा आणि टर्ब्युलन्स तिकडेच वाहत जातात. दोन ढगांमधून जायचं तर मध्ये ४० मैल हवेत. ३५,००० फुटांच्या वर माथा असलेल्या प्रत्येक वादळाला अत्यंत धोकादायक समजा, पडद्यावर रंग कोणताही असो.

निर्णय ४० मैल उरण्याआधी झाला पाहिजे. का, ते एकदा कागदावर मांडा. जमिनीशी वेग ४५० नॉट्स, म्हणजे मिनिटाला साडेसात मैल. ढग ८० मैलांवर असताना २० मैल बाजूला जायला हेडिंग फक्त १४ अंश बदलावं लागतं. जाऊन-येऊन वाढीव अंतर ५ मैल, म्हणजे ४० सेकंद, तीसेक किलो इंधन. प्रवाशांना वळल्याचं कळतही नाही. तेच ४० मैलांवर ठरवलंत तर २७ अंश. २० मैलांवर ठरवलंत तर ४५ अंश, आणि एवढं वळूनही ढगापासून तुम्ही १४ मैलांपर्यंत जवळ येता. शिवाय ढगाशी हातात उरलेला वेळ तीन मिनिटांहून कमी. त्यात एटीसीची, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची, परवानगीही मिळवायची असते.

परवानगी आधीच मागा, आणि आकडा देऊन मागा: ‘रिक्वेस्ट ट्वेंटी माइल्स लेफ्ट ऑफ ट्रॅक ड्यू वेदर’. आपल्या हवाई क्षेत्रात बराच भाग लष्करी, सीमेलगत तो प्रश्न आणखी बिकट. २१ मे २०२५ ला दिल्ली-श्रीनगर विमान पठाणकोटजवळ ३६,००० फुटांवर असताना सीमेकडे डावीकडे वळायची परवानगी मिळाली नाही, लाहोरनेही नाकारली. मागे वळायला जागा उरली नव्हती. विमान गारांत शिरलं, ऑटोपायलट सुटला, वेगाचे काटे बेभरवशाचे झाले, एका क्षणी मिनिटाला ८,५०० फूट या दराने ते खाली येत होतं. वैमानिकांनी ते हातांनी सांभाळत श्रीनगरला सुखरूप उतरवलं. रेडोम फुटलं होतं. सीमेलगतच्या मार्गावर एकच बाजू मोकळी असते, तेव्हा निर्णय ८० नव्हे, १५० मैलांवर घ्या: दुसरा मार्ग, नाहीतर परत.

अरबी समुद्रावर आखाताकडे जाताना व्हीएचएफ रेडिओचा पल्ला संपतो आणि परवानगीला वेळ लागतो. तिथे परवानगीविना वळायची पाळी आली तर नियम ठरलेला आहे. ५ मैलांपलीकडे जाताना उंची ३०० फुटांनी बदलायची. पूर्वेकडे जाताना डावीकडे वळलात तर ३०० फूट खाली, उजवीकडे तर वर. पश्चिमेकडे जाताना उलट: डावीकडे वर, उजवीकडे खाली. सगळे दिवे लावा आणि १२१.५ या आणीबाणीच्या रेडिओ लहरीवर आपलं स्थान सांगत राहा.

सापडलातच तर

वेग विमानाच्या टर्ब्युलन्सच्या वेगावर आणा: ए३२० ला २०,००० फुटांच्या वर २७५ नॉट्स किंवा मॅक ०.७६ (आवाजाच्या वेगाच्या ०.७६ पट), खाली २५० नॉट्स. ७३७ ला २८० नॉट्स किंवा मॅक ०.७६. इग्निशन आणि इंजिन अँटी-आइस चालू. ऑटोपायलट राहू द्या. ऑटोथ्रस्ट (इंजिनाची पॉवर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) पॉवर भराभर वर-खाली करत असेल तर काढा. कॉकपिटचे दिवे पूर्ण उजेडावर, नाहीतर वीज चमकल्यावर काही सेकंद काहीच दिसत नाही.

मग नाक आणि पंख समतल ठेवा आणि उंचीच्या मागे धावू नका. ढग वर नेतो तर जाऊ द्या, खाली आणतो तर येऊ द्या. एटीसीला तसं सांगा. काट्यावर उंची परत आणायला जोराने स्टिक ओढणं म्हणजे वाऱ्याच्या भारावर स्वतःचा भार चढवणं. मागे वळू नका. वळताना पंखांवर आधीच जास्त भार असतो, आणि ज्या वादळातून आलात त्यातूनच पुन्हा जावं लागतं. सर्वांत जवळच्या कडेकडे सरळ जा.

शून्याखालच्या तापमानात काचेवर पावसासारखा आवाज, बाहेरचं तापमान अचानक शून्याजवळ दाखवणं, काचेवर निळसर ठिणग्या: हे बर्फाचे स्फटिक आहेत. ते वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या बुजवतात. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं ए३३० अटलांटिकवर असंच वेगाच्या चुकीच्या आकड्यांत अडकलं आणि २२८ जण गेले. वेग खोटा वाटला तर पुस्तिकेत दिलेली पिच (नाकाचा कोन) आणि पॉवर धरा आणि ती सोडू नका.

धावपट्टीजवळ

ढगाचा कोसळता वारा जमिनीवर आदळून चहूकडे पसरतो, तो मायक्रोबर्स्ट. रुंदी चार किलोमीटरहून कमी, आयुष्य क्वचितच १५ मिनिटांपेक्षा जास्त. विमान त्यात शिरताना समोरून वारा लागतो, वेग वाढतो, पायलट पॉवर कमी करतो. मध्ये वारा खाली दाबतो. पलीकडे तोच वारा मागून येतो आणि वेग कोसळतो. २ ऑगस्ट १९८५ ला डॅलसमध्ये डेल्टाचं एल-१०११ याच क्रमात जमिनीवर आलं. १३७ जण गेले.

आयुष्य १५ मिनिटांचं आहे, म्हणून सर्वांत स्वस्त उपाय थांबणं. टेक-ऑफ वीस मिनिटं उशिरा करा, उतरायला आणखी दोन घिरट्या घाला. विंडशिअरचा, म्हणजे वारा असा अचानक बदलण्याचा, इशारा झालाच तर पूर्ण टोगा (टेक-ऑफची) पॉवर, पंख समतल, नाक वर: एअरबसवर नाक किती वर ठेवायचं ते दाखवणाऱ्या एसआरएसच्या इशाऱ्याप्रमाणे, तो नसेल तर १७.५ अंश, ७३७ वर १५ अंशांपासून सुरुवात. फ्लॅप आणि चाकं जशी आहेत तशीच. चाकं उचलताना दारं उघडतात, ओढ वाढते. विंडशिअर संपेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

विजेबद्दल थोडंच. प्रत्येक प्रवासी विमानाला सरासरी वर्षातून एकदा वीज लागते, बहुधा शून्य अंशाच्या आसपास चढता-उतरताना, आणि पुष्कळदा विमानच ती ओढवतं. १९६३ साली पॅन अ‍ॅमचं ७०७ मेरीलँडवर विजेने पेटलं आणि ८१ जण गेले. त्यानंतर इंधनटाक्यांची रचना बदलली. आज वीज नाकातून शिरून शेपटीतून जाते आणि मागे जळलेले ठिपके ठेवते. पंखांच्या मागच्या कडेला दिसणाऱ्या बारीक काड्या वीज टाळण्यासाठी नसतात. साठलेला स्थिर भार सोडून रेडिओतली खरखर कमी करणं एवढंच त्यांचं काम.

केबिनमध्ये

२१ मे २०२४ ला इरावतीच्या खोऱ्यावर लंडन-सिंगापूर विमानात ०.६ सेकंदात भार (गुरुत्वाच्या पटीत) अधिक १.३५ वरून उणे १.५ वर गेला. पट्टा नसलेले लोक छतावर आदळले आणि पुढच्या चार सेकंदांत खाली पडले. इतक्या वेळात पट्टा लावता येत नाही. तो बसल्यापासूनच लावून ठेवा, कंबरेच्या हाडावर, खाली आणि घट्ट, झोपतानाही. पांघरूण घेतलंत तर पट्टा वरून दिसू द्या. गरम चहा आला आणि दिवा लागला तर कप क्रूला परत द्या. कॉकपिटने दिवा ढगापर्यंत पोचायच्या दहा मिनिटं आधी लावावा आणि क्रूलाही बसवावं. जखमी होतात ते जास्त करून ट्रॉलीशी उभे असलेले. एप्रिल-मेमध्ये तिकीट काढताना पर्याय असेल तर सकाळचं घ्या. राज्याच्या आतल्या भागात वळीव दुपारनंतरच भरतो.

उतरल्यावर

टेकलॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, वीज, गारा किंवा तीव्र टर्ब्युलन्सची नोंद वेळ आणि उंचीसह करा. ‘थोडं हललं’ एवढ्यावर इंजिनियरला काय तपासायचं ते कळत नाही. रेडोम, पंखांची पुढची कड, इंजिनाची पाती, शेपटी आणि त्या काड्या टॉर्चने पाहाव्या लागतात. जळका ठिपका भाताच्या दाण्याएवढाही असू शकतो. आणि मागून येणाऱ्यांसाठी रेडिओवर स्थान, वेळ, उंची, विमानाचा प्रकार आणि काय भेटलं हे उतरण्याआधीच सांगून टाका. त्याच मार्गावर दहा मिनिटं मागे असलेल्या विमानाकडे तेव्हा १४ अंशांत भागण्याएवढं अंतर अजून शिल्लक असतं.